पळून गेलेली प्रतिहारी

ते पुस्तक टपालाने आलं तेव्हा मी कुंभार पिंपळगावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर, मांडीवर दुसरंच एक पुस्तक उघडं ठेवून बसलो होतो. वाचत नव्हतो. वाचतोय असं दिसावं म्हणून बसलो होतो. दोनेक मिनिटं झाली असतील असा अंदाज घ्यायचा आणि पान उलटायचं.

हे दीड वर्षापासून चाललं होतं आणि मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. गावात कुणाला पुस्तक हवं असलं, एखाद्या शब्दाचा अर्थ हवा असला, लग्नपत्रिकेतला मजकूर तपासून हवा असला, की माणसं आमच्याकडे येतात. घरात चार कपाटं पुस्तकं आहेत. वाचणारा माणूस अशीच माझी ओळख. आणि दीड वर्षापूर्वी एक साधा ताप आला, आठ दिवसांनी उतरला, आणि उतरताना वाचन घेऊन गेला.

म्हणजे काय झालं ते नीट सांगतो. अक्षरं दिसत होती. शब्द कळत होते. मोबाइलवरचा निरोप वाचता येत होता, पेपरातल्या बातम्यांचे मथळे वाचता येत होते. पण सलग मजकूर घेतला की ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात निसटायची. मागे यायचं, पुन्हा वाचायचं, पुन्हा निसटायची. एका परिच्छेदावर अर्धा तास घालवून मी घामाघूम व्हायचो. जालन्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चष्म्याचा नंबर पाव वाढवून दिला. दुसऱ्या डॉक्टरांनी डोक्याची तपासणी करून सगळं व्यवस्थित असल्याचं सांगितलं. "ताण घेऊ नका सर, होईल हळूहळू," म्हणाले. मी त्यांनाही खरं सांगितलं नव्हतं. वाचताना थोडं थकायला होतं, एवढंच बोललो होतो. मराठीच्या मास्तरानं मला वाचता येत नाही असं तोंडानं म्हणायचं, हे जमलंच नाही.

वर्गात निभावत होतं. चोवीस वर्षं शिकवलेले धडे तोंडपाठ होते. अडचण आली ती पाठ्यपुस्तक बदललं तेव्हा. नव्या धड्यांतलं मला काहीच माहीत नव्हतं. मग मी मुलामुलींना आळीपाळीनं उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं आणि स्वतः खिडकीशी उभा राहून कान देऊन ऐकलं. ऐकलेलं मात्र डोक्यात राहायचं. धडा संपला की मी बोलायला लागायचो. प्राचार्य एकदा दारातून बघून गेले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "सरांनी प्रकट वाचनाची पद्धत पुन्हा आणली, बघा. हे शिका." सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. त्या दिवशी डबा न उघडताच घरी आणला.

तर त्या दिवशी आलेल्या पार्सलात एक जाडजूड कादंबरी होती. तीनशे ऐंशी पानं. मुखपृष्ठावर मोठ्या दरवाजासमोर उभी असलेली एक बाई, आणि दरवाजाला भिंतच नाही. लिहिणारी माझी जुनी विद्यार्थिनी होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बारावीला माझ्या वर्गात होती, पुढे फार्मसी करून आता आष्टीला स्वतःच्या मेडिकल दुकानात बसते. सोबत चिठ्ठी होती. कादंबरी काल्पनिक जगातली आहे, पण तिच्यातली माणसं तुम्ही शिकवलेल्या, संस्कृतातून मराठीत आलेल्या जुन्या नाटकांतली आहेत. जालन्याच्या वाचनालयात प्रकाशन आहे, पुस्तकावर तुम्हीच बोलायचं.

पाठोपाठ तिचा फोन आला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि "अरे वा, नक्की येतो," असं बाहेर पडलं. मागे कपाटात पुस्तकं उभी असताना तोंडातून दुसरं काय निघणार?

हातात चोवीस दिवस होते.

पहिले चार-पाच दिवस मी रोज दुपारी ती कादंबरी घेऊन बसलो. दुसऱ्या पानापुढे गेलो नाही. मधूनच कुठलंही पान उघडून एखादं वाक्य उचलायचा प्रयत्न केला. एका पानावर प्रतिहारी कुणाला तरी विचारत होती, "कुठं चाल्ले? जल्दी सांगा." मी पुस्तक मिटलं. प्रतिहारी म्हणजे जुन्या नाटकातली राजाची द्वारपालिका. आत येते, महाराजांचा जयजयकार करते, अमुक अमुक भेटायला आले आहेत म्हणून सांगते आणि निघून जाते. तिनं आमच्या बाजारात बोलतात तसं बोलावं? मला राग आला. खरं सांगायचं तर राग येऊ शकला याचं बरंच वाटलं. कादंबरी हलकी आहे, असल्या पुस्तकावर मी बोलणार नाही, असं म्हणून सुटता येईल असा एक रस्ता दिसला.

तो रस्ता बायकोनं बंद केला. ती अंगणवाडी सेविका आहे. दुपारी दोनला घरी येते, जेवते आणि मग लसूण सोलणं, डाळ निवडणं असलं बैठं काम घेऊन ओट्यावर बसते. त्या दिवशी तिच्यासमोर गवारीच्या शेंगा होत्या. मी बाजूला पुस्तक घेऊन बसलो होतो. शेंगा मोडता मोडता ती म्हणाली, "अहो, एक विचारू का?"

"विचार."

"तुम्ही पानं उलटून राह्यलेत. पण तुमचे डोळे जागच्या जागीच हायेत."

मी आणखी एक पान उलटलं.

"लई दिवस झाले बघून राह्यले मी. आधी वाटलं, विचारात असतील. आधी तुम्ही वाचताना मधीच हसायचे, मला बोलवून दाखवायचे. दीड वर्ष झालं, एकदा तरी मला बोलवलं का?"

मग मी सांगितलं. सगळं, तापापासून प्राचार्यांच्या कौतुकापर्यंत. तिनं शेंगांवरचा हात थांबवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही, त्यामुळे सांगणं सोपं गेलं. माझं बोलून झाल्यावर तिनं पदराला हात पुसले.

"आणा इकडं," ती म्हणाली.

"काय?"

"पुस्तक. माझ्या पोरांना रोज वाचून दाखवते मी. तुम्हाला दाखवायला काय जड आहे?"

ती दहावी शिकलेली आहे. अंगणवाडीतली चित्रांची पुस्तकं, योजनांची पत्रकं, पोथी सोडली तर तिचं वाचन नाही. तिनं पहिलं पान उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. सावकाश, एकेका शब्दावर नीट थांबून. जोडाक्षर आलं की अडखळायची आणि मला विचारायची.

"प्र-ति-हा-री. हे कोण?"

मी सांगितलं.

"म्हणजे दारावरची बाई. मंग तसं म्हणा ना." आणि पुढे वाचायला लागली.

कादंबरी अशी होती. एका राज्यात ऋषी फार आणि त्यांचा राग त्याहून जास्त. रोज कुणी ना कुणी दरबाराच्या दाराशी येऊन शाप देऊन जायचा. तो शाप आत जाऊन ज्याचा त्याला लागायच्या आधी दारावरच्या बाईच्या हातात पडायचा. ती तो मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून कोठीत ठेवायची. नाटकात कुणालाच दिसत नाही असं तिचं हे काम. एक दिवस कोठी भरते. मडकी तडकायला लागतात. तेव्हा ती राजवाड्याला बाहेरून कुलूप लावते आणि शापांची मडकी बैलगाडीत घालून निघते, ती ठेवायला जागा शोधायला. सोबत दोघे जण. एक म्हातारा कंचुकी, अंतःपुराची देखरेख करणारा, ज्याला नाटकात फक्त गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करता येते. दुसरा विदूषक, ज्याला हजारएक वर्षांपासून भूक लागलेली आहे आणि कुठल्याही नाटकात त्याला जेवताना कुणी दाखवलेलं नाही.

बायको विदूषकाच्या जागेला थांबली. एका गावात त्याला कुणीतरी शिळी भाकरी देतं. तो पहिला घास खातो आणि गप्प होतो, त्याला कुठला विनोदच सुचत नाही. तिनं पुस्तकातून मान वर केली. "बिचारा," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत कुणी जेवलास का म्हणून विचारलं न्हाई."

मी ही नाटकं चोवीस वर्षं शिकवली. विदूषक खादाड असतो, त्यातून विनोदनिर्मिती होते, असं फळ्यावर लिहून दिलं. तो उपाशी आहे, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

रोज दुपारी वीस पानं, असं सुरू झालं. शेजारची एक म्हातारी पहिल्या दोन दिवसांत येऊन बसायला लागली, तिला वाटलं पोथी चालू आहे. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ह्यात देव कधी येतो?" बायको म्हणाली, "येईल, बसा." देव शेवटपर्यंत आला नाही, पण म्हातारी रोज आली. प्रतिहारीचं बोलणं बायकोच्या तोंडून इतकं सहज यायचं की माझा राग कुठे गेला कळलंच नाही. राजाच्या दारावरची बाई कुठल्या तरी गावातून आलेली असणारच. ती घरी कुठल्या भाषेत बोलत असेल, हा प्रश्न नाटककारांना पडला नव्हता आणि मलाही नाही. आष्टीच्या मेडिकलवर बसणाऱ्या या मुलीला पडला होता.

प्रकाशनाला नऊ दिवस उरले असताना वडीगोद्रीहून फोन आला. बायकोच्या बहिणीची मुलगी बाळंत झाली होती आणि घरात करायला दुसरं कुणी नव्हतं. बायकोनं पिशवी भरली. पुस्तकात खूण म्हणून बसचं जुनं तिकीट घातलं. "चार दिवसांत येते," म्हणाली. "तवर थांबा. पुढचं आल्यावर."

पान दोनशे बारा. गाडी एका झोपलेल्या नदीशी येऊन थांबली होती. नदी खरोखरच झोपलेली, श्वास घेणारी. तिला जाग येऊ न देता तिच्या अंगावरून गाडी न्यायची होती. आणि मागच्या बाजूला एक मडकं तडकल्याचा आवाज आला होता. इथे बायको गेली.

पहिला दिवस मी काढला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिकवताना मला नदी आठवत होती. घरी आलो, चहा केला, पुस्तक घेतलं. ठरवून घेतलं असं नाही. नुसती ती जागा बघावी म्हणून तिकिटाचं पान उघडलं. बायको ठेवायची तसं ओळीखाली बोट ठेवलं आणि तिच्याच चालीत, सावकाश, एकेक शब्द ऐकू येईल असा वाचायला लागलो. कंचुकी गुडघ्याला हात धरून पाण्यात उतरला. बैलांच्या घुंगरांत विदूषकानं आपला पटका फाडून कोंबला. ओळ संपली. मी पुढच्या ओळीवर गेलो. मग त्याच्या पुढच्या.

किती वेळ गेला ते सांगता येत नाही. नदी पार झाली. तडकलेल्या मडक्यातला शाप नेमका कुणासाठी होता ते कळलं, आणि कळल्यावर मला इतका धक्का बसला की मी मोठ्यानं "अगं ऐकलंस का," असं म्हणून घराच्या आत पाहिलं. आत कुणी नव्हतं. मग माझं पुस्तकाकडे लक्ष गेलं. बसचं तिकीट खूप मागे राहिलं होतं. मी बोट ठेवून पानाचा आकडा वाचला. दोनशे अठ्ठावन्न.

मी उठून उभा राहिलो. पुन्हा बसलो. भीती वाटली, आता पुढचं पान उलटलं आणि काहीच कळलं नाही तर? उलटलं. कळलं. छातीवरून कुणीतरी पोतं उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. दीड वर्ष मी श्वास अर्धाच घेत होतो हे पूर्ण श्वास घेतल्यावर समजलं.

वडीगोद्रीला फोन लावला. मागे हायवेवरच्या गाड्यांचे आवाज आणि बाळाचं रडणं.

"काय झालं? जेवलात का?" बायको म्हणाली.

"मी पुढं गेलो," मी म्हणालो.

"कुठं पुढं?"

"पुस्तकात. दोनशे अठ्ठावन्न."

गाड्यांचा आवाज येत राहिला. मग तिनं नाक ओढलं.

"मी म्हणले होते थांबा म्हणून," ती म्हणाली. "आता पुढचं सांगू नका मला. बिलकुल सांगू नका."

उरलेली पानं मी तीन दिवसांत वाचली. सगळी काही सहज गेली नाहीत. एक सकाळ अशी आली की ओळी पुन्हा निसटायला लागल्या. मी पुस्तक बाजूला ठेवलं, गावात चक्कर मारून आलो, संध्याकाळी पुन्हा बसलो तेव्हा जमलं. बायको आल्यावर तिनं तिची उरलेली पानं वाचली, आणि मी दुसऱ्यांदा ऐकली. म्हातारीही आली.

प्रकाशनाच्या तीन दिवस आधी मी आष्टीला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मेडिकलमध्ये दुपारची सामसूम होती. मला बघून ती काउंटरमागून जवळजवळ पळतच बाहेर आली. केसात पांढरी बट, गळ्यात चष्म्याची दोरी. मला मात्र बारावीतली मुलगीच दिसली. तिनं खुर्ची दिली आणि मी बसायच्या आधीच म्हणाली, "सर, आवडलं न्हाई ना? खरं सांगा. तीन आठवडे झाले, तुमचा फोन न्हाई. मी समजून गेले. नसेल बोलायचं तर नका बोलू, मी दुसऱ्या कुणाला तरी विचारते."

तिचा चेहरा उतरलेला होता. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ दुसऱ्या टोकाला कुणी असा लावत असेल, हे मला सुचलंच नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. मध्ये एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध घ्यायला आलं तेवढं थांबलो. ती ऐकत राहिली. संपल्यावर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"म्हणजे तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून तुम्ही बोलला न्हाईत?"

"हो."

"देवा रे! मी तर लिहिणं बंद करणार होते, सर."

मी तिला विचारलं, प्रतिहारीच का? तुला नायिका सापडल्या नाहीत?

"तुमच्यामुळंच," ती म्हणाली. "मी वर्गात विचारलं होतं, ही बाई नंतर कुठं जाते? तुम्ही म्हणाल्ते, गौण पात्र आहे, परीक्षेला येत न्हाई. मंग मी विचार केला, जी परीक्षेला येत न्हाई तिच्याबद्दल आपण काहीही लिहू शकतो. कुणी मार्क कापणार न्हाई."

मला तो प्रसंग आठवत नव्हता. असं वाक्य मी म्हटलं असणार यात मात्र शंका नव्हती, कारण दर वर्षी म्हणत होतो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काहून? तुम्ही नायिकेबद्दल विचारायचं सांगितलं असतं तर मी नायिकेवर लिहिलं असतं. तिच्यावर सगळ्यांनीच लिहिलंय."

रविवारी सकाळी जालन्याच्या वाचनालयात पन्नासेक माणसं होती. मी कागद आणला नव्हता. उभा राहिलो आणि म्हणालो, हे पुस्तक मी अर्धं ऐकलं आणि अर्धं वाचलं, आणि का ते सांगतो. पहिल्या रांगेत बायको बसली होती. तिनं मान खाली घातली. प्राचार्यही आले होते. प्रकट वाचनाच्या पद्धतीचं खरं कारण मी त्यांच्याकडे बघूनच सांगितलं. ते आधी दचकले, मग मोठ्यानं हसले, आणि सभागृह हसलं. मग मी विदूषकाच्या भाकरीबद्दल बोललो, झोपलेल्या नदीबद्दल बोललो. शेवट सांगितला नाही.

चहाच्या वेळी एक निवृत्त मुख्याध्यापक जवळ आले. मला बाजूला, खिडकीपाशी घेऊन गेले. माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

"माझंही तसंच झालंय," ते हळू आवाजात म्हणाले. "तीन वर्षं. आमची ही गेली तेव्हापासून. मुलाला सांगितलं न्हाई, सुनेला न्हाई. रोज पेपर उघडून बसतो."

मी बायकोला हाक मारली. त्या दोघांना बोलायला देऊन मी बाजूला झालो. पंधरा मिनिटं ते बोलत होते. परत येताना ती म्हणाली, त्यांच्या सुनेशी बोलायचं ठरलंय, नातीला गोष्ट वाचून दाखवताना सासऱ्यांना तिथंच बसू द्यायचं, एवढंच.

बसमध्ये अंबड येईपर्यंत आम्ही कादंबरीच्या शेवटावरून वाद घातला. ती म्हणत होती, प्रतिहारीनं शेवटचं मडकं पुरायला नको होतं, ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. मी म्हणत होतो, पुरलं तेच बराबर. दोघांपैकी कुणीही हटलं नाही.

या गोष्टीला आता सात-आठ महिने झाले. मी रोज वाचतो. पूर्वीसारखं भराभर नाही, वीस-पंचवीस पानं. एखाद्या दिवशी जमत नाही, त्या दिवशी कॉलेजात सांगून टाकतो, "आज तुम्ही वाचा, मी ऐकतो." कुणाला त्याचं काही वाटत नाही. गेल्या महिन्यात फार नावाजलेला एक जाड ग्रंथ घेतला. साठ पानं झाली आणि लक्ष लागेना. जुनी भीती परत आली. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा पानं वाचली, प्रत्येक ओळ कळली, आणि मी पुस्तक मिटून आत हाक मारली.

"अगं, हे पुस्तक कंटाळवाणं आहे!"

"मंग त्यात एवढं खूश व्हायला काय झालं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.